दुर्वेबाईंच्या घराला पासष्ट टक्के

दुर्वेबाईंनी नोकरीच्या बत्तीस वर्षांत कुणाची वही चोरून वाचली नव्हती. त्या रविवारी वाचली, आणि तीही आपल्याच विद्यार्थिनीची.

विद्यार्थिनी मागे मोरीवर हात धुत होती. नर्सिंगच्या मुलींची हात धुण्याची एक तऱ्हा असते. घरात शिरल्या की आधी स्टुलावर वर्तमानपत्र पसरतात, त्यावर आपली बॅग ठेवतात, मग साबण-नॅपकिन घेऊन मोरी गाठतात आणि येताना एकदा, निघताना एकदा कोपरापर्यंत असे हात घासतात की बघणाऱ्याला आपलंच घर कळकट वाटू लागावं. तेवढ्यात एखादा धडा वाचून होतो. बाईंनी फाइलीतले चार कागद वाचले.

मुलीचं नाव प्रियंका. कामतघरच्या रवींद्र वायरमनची थोरली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या कॉलेजात प्रत्येकीला अभ्यासासाठी वस्तीतलं एक कुटुंब घ्यावं लागे. त्या घरी चार-सहा वेळा जायचं, बीपी-शुगर बघायची, कोण कुणाचं कोण ते टिपायचं, घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते लिहायचं आणि शेवटी त्या घराला काय मदत करता येईल हेही सांगायचं. प्रियंकानं दुर्वेबाईंचं घर घेतलं. बाई तिच्या नववीच्या वर्गशिक्षिका. त्यांनी तिला सहामाहीत मराठीत चौतीस मार्क दिले होते. पस्तिसाला पास. एका मार्कासाठी पोरगी व्हरांड्यात तास दीड तास रडली, पण बाई बधल्या नाहीत. आता त्याच पोरीच्या फाइलीत बाईंच्या घराचे मार्क होते.

मार्कांची भानगड अशी. बाळ जन्मलं की ते रडतं कसं, हलतं कसं, रंग कसा, यावर त्याला दहापैकी मार्क देतात. त्याच धर्तीवर कुणीतरी कुटुंबालाही दहा मार्कांची परीक्षा काढली आहे. प्रश्न पाच. अडचणीत घरच्यांची मदत होते का? घरच्यांशी मोकळं बोलता येतं का? काही नवं करायचं ठरवलं तर घरचे पाठीशी उभे राहतात का? घरचे माया करतात का? एकत्र वेळ घालवतात का? ‘नेहमी’ला दोन, ‘कधीकधी’ला एक, ‘क्वचितच’ला शून्य. घरातल्या चौघांनी चार कोपऱ्यांत बसून आपापला कागद भरला होता. कागदांवर नावं नव्हती, नुसत्या खुणा.

बाईंनी बोटावर बेरीज केली. पहिला कागद दहा, तो त्यांचा स्वतःचाच. दुसरा आठ. तिसरा सहा. चौथा दोन.

चाळीसपैकी सव्वीस. पासष्ट टक्के. डिस्टिंक्शन हुकलं हे बाईंनी एकवेळ गिळलं असतं, पण घरातलं एक माणूस दहापैकी दोन मार्क देतं म्हणजे काय! दोन मार्क तर कोरा पेपर देणाऱ्यालाही सुवाच्य अक्षरात नाव लिहिल्याबद्दल मिळतात.

प्रियंका नॅपकिनला हात पुसत आली तेव्हा बाई शोकेसमधल्या गणपतीवरची धूळ झटकत होत्या.

“निकाल कधी?” बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“निकाल नसतो हो बाई याचा. फक्त अंदाज येतो आम्हाला. पुढच्या खेपेला परत भरून घेऊ.”

परत, म्हणजे फेरपरीक्षा. बाईंच्या जिवात जीव आला. तारीखही ठरली, पुढच्याच्या पुढचा शुक्रवार. मुलाची, आल्हादची, त्या दिवशी दुपारची शिफ्ट, म्हणजे सकाळी चौघं घरात सापडणार होते.

चौथा कागद कुणाचा, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. तो सुनेचा. आसावरी धामणकर नाक्यावर दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसायची. बडबडी, कामसू, हसरी. पण लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिनं एक अपराध केला होता. बाई तिला म्हणाल्या होत्या, “बाबांना सांग, पान वाढलंय.” तर ही म्हणाली, “आई, बाबा समोरच बसलेत की.”

समोरच बसलेत! जसं काही बाईंना दिसत नव्हतं.

नवऱ्याशी थेट न बोलण्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी शाळेनं बाईंना निरोप दिला. हॉल खच्चून भरलेला, शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मुख्याध्यापकांनी बाईंच्या यजमानांना दोन शब्द बोलायची गळ घातली. चिंतामणराव जन्मभर मान खाली घालून कारकुनी केलेला माणूस. माइक हाती येताच त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. म्हणाले, “मुलांनो, तुम्ही सुटलात. मी तीस वर्षं बाईंच्या वर्गात बसतोय, अजून वरच्या वर्गात ढकललेलं नाही!” हॉल हशानं दणाणला. मुलं बाकं बडवून हसली, शिक्षक हसले, शिपाई चंद्रासुद्धा पडदा धरून हसला. बाईंचे कान तापले. ज्या शाळेत त्यांच्या चपलांच्या आवाजानं वर्ग चिडीचूप व्हायचे, तिथून त्या हसण्याचा विषय होऊन बाहेर पडल्या, आणि हे त्यांच्या काळजाला लागलं.

घरी येऊन त्यांनी आल्हादला सांगितलं, “तुझ्या बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय.”

चिंतामणराव सोफ्यावरच बसले होते. पण पत्र ज्या मार्गानं येईल त्याच मार्गानं उत्तर धाडायचं, ही त्यांची कचेरीतली शिस्त. ते म्हणाले, “आईला सांग, भूक नाही.”

तेव्हापासून दोघांची टपालसेवा आल्हादवर होती. त्यात भांडण नव्हतं, आदळआपट नव्हती, सणवार, आजारपण, लग्नकार्य सगळं यथासांग चालू होतं. फक्त प्रत्येक वाक्य आल्हादला वळसा घालून जायचं. तो भिवंडीबाहेर, पूर्ण्याच्या गोदामात सुपरवायझर. ट्रक मागे घेताना त्याचा फोन वाजायचा, “बाबांना सांग, चहा झालाय.” मग आल्हाद घरी बाबांना फोन लावायचा. स्वयंपाकघर ते हॉल हे अकरा पावलांचं अंतर चहा असा पूर्ण्यावरून जाऊन येत असे. एकदा गोदामात नेटवर्क गेलं, तर घरातला गॅस संपल्याची खबर चार तास अडकून पडली आणि चिंतामणराव जेवायची वाट बघत बसून राहिले.

आणि आता त्याच आल्हादला कंपनीनं नागपूर देऊ केलं होतं. नव्या गोदामाचा मॅनेजर, राहायला जागा, वर आसावरीलाही तिकडे काम मिळण्यासारखं. मागच्या वर्षी तो नाही म्हणाला होता. या वेळी साहेबांनी बजावलं होतं की त्याच शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काय ते कळव, तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही. बाईंना हे ठाऊक होतं. पोरगा जाऊ नये म्हणून त्यांनी देव पाण्यात घालायचेच बाकी ठेवले होते. त्यांना वाटे, आपलं लेकरावर प्रेम आहे म्हणून जीव तुटतो. प्रेम होतंच. पण आल्हाद गेल्यावर हे घर कसं असेल, असा विचार मनात आला की त्या तो अर्ध्यावर तोडून कामाला लागत, आणि ते नुसत्या प्रेमापोटी नव्हतं हे त्यांनाही आतून कळत होतं.

म्हणूनच ती फेरपरीक्षा त्यांनी मनावर घेतली. सरकारमान्य कॉलेजच्या फाइलीत घराला चाळीसपैकी चाळीस मिळाले, तर असं घर सोडून कोण शहाणा नागपूरला जाईल?

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. प्रश्न चौथा, माया. बाई पहाटे आसावरीच्या उशाशी चहा घेऊन उभ्या. ती दचकून उठली, “आई, काय झालं? बाबांना बरं नाहीये का?” प्रश्न पहिला, मदत. बाईंनी तिचा डबा भरला, छत्री शोधून दिली आणि दाराशी उभं राहून विचारलं, “काही अडचण नाही ना? असली तर मोकळेपणानं सांग, नेहमी.” ‘नेहमी’वर जोर होता. संध्याकाळी आसावरीनं नवऱ्याला बाजूला घेतलं. “आईंच्या बीपीच्या गोळ्या बदलल्यात का रे? मला भीती वाटतेय.”

प्रश्न पाचवा, एकत्र वेळ. मधल्या रविवारी जेवणं झाल्यावर बाईंनी फर्मान काढलं की एक तास कुणी जागचं उठायचं नाही, टीव्ही बंद, फोन बंद, गप्पा मारायच्या. चौघं हॉलमध्ये बसले. शेजारच्या गल्लीत कापडाच्या लूमची खटखट चालू होती. पाच मिनिटं तीच ऐकली.

“आल्हाद,” बाईंनी सुरुवात केली, “बाबांना विचार, आजच्या मसालेभाताची चव कशी होती.”

“बाबा, मसालेभात?”

“सांग, बरा होता.”

“बरा होता म्हणतायत.”

“नुसता बरा?”

“आई विचारतेय, नुसता बरा?”

“सांग, काजू जरा कमी होते.”

“काजू—”

“ऐकलं मी. सांग त्यांना, डॉक्टरांनी कुणाला काजू बंद केलेत ते आठवा म्हणावं.”

आल्हादची मान एकदा इकडे, एकदा तिकडे. तासाभरात ती अवघडली. शेवटी त्यानं हळूच विचारलं, “मी जरा पाणी पिऊन येऊ?” तो उठून आत गेला तशी खोलीतली वाहतूकच थांबली. बाई खिडकीकडे बघत बसल्या, चिंतामणराव पंख्याकडे. आसावरीनं तोंडाला पदर लावला. ती खोकत होती की हसत होती, हे बाईंना ठरवता आलं नाही, पण दोन मार्कांचा संशय मात्र पक्का झाला.

शुक्रवार उजाडला. त्या दिवशी भिवंडीचे लूम बंद असतात, त्यामुळे गल्लीत एरवी कधी ऐकू न येणारे आवाज ऐकू येत होते. कुणाचा तरी कुकर, कुणाचं तरी बाळ. प्रियंका आली, वर्तमानपत्र पसरलं, हात धुतले. बाईंनी चौघांना ओळीत बसवलं होतं. जवळजवळ बाकंच मांडली होती.

“फॉर्म नंतर भरू,” प्रियंका म्हणाली. “आधी हे बघा. मागच्या वेळी मी सगळ्यांचं बीपी घेत होते ना, तेव्हा कोण कुणाशी बोलतंय ते टिपत होते. त्यावरून तुमच्या घराचा नकाशा काढलाय. आमच्या मृणाली मॅडम म्हणाल्या, तुमच्या समोर ठेव, त्यांना पटतोय का विचार.”

कागदावर दोन चौकोन होते, दोन गोल. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. जितकं जास्त बोलणं तितक्या जास्त रेघा. बाईंच्या गोलापासून आल्हादच्या चौकोनापर्यंत तीन जाड रेघा. चिंतामणरावांच्या चौकोनापासून आल्हादपर्यंत तीन जाड रेघा. आसावरीपासून सासू-सासऱ्यांकडे दोन-दोन. आणि आसावरी ते आल्हाद, एक बारीकशी.

“बघा,” आसावरी म्हणाली, “बायकोच्या वाट्याला एकच. वेळच कुठे असतो त्याला!”

बाईंनी चष्मा नाकावर सरकवून कागद तपासला, आणि बत्तीस वर्षांची सवय उफाळून आली. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. “प्रियंका, घाई नडते तुझी, नववीतही नडायची. ही रेघ राहिली बघ.” आणि स्वतःच्या गोलापासून नवऱ्याच्या चौकोनापर्यंत त्या रेघ ओढणार, तोच प्रियंकानं कागदावर हात ठेवला.

“राहिली नाही, बाई. नाहीच आहे ती.”

पोरगी घाबरली होती. पण हात तिनं काढला नाही. बाईंचं लाल पेन हवेत राहिलं.

“म्हणजे काय?”

प्रियंका पाठ केलेलं उत्तर म्हणावं तशी बोलू लागली. “आम्हाला शिकवलंय, की दोन माणसांचं आपसात अडलं की ती तिसऱ्याला मध्ये घेतात. मग घर शांत राहतं, भांडण होत नाही. पण तिसरा जागचा हलू शकत नाही. तो हलला तर दोघांना समोरासमोर यावं लागतं. म्हणून कुणी त्याला हलू देत नाही, आणि तोही हलत नाही.”

“उदाहरण दे,” बाई म्हणाल्या. अर्धवट उत्तराला त्या हेच म्हणत, तोंडातून निघून गेलं.

प्रियंकानं ओठ चावला. मग म्हणाली, “नागपूर.”

आल्हादनं मान खाली घातली, आणि त्याची ती खाली गेलेली मान बघून बाईंना एकदम भडभडून आलं. पण वर्गासमोर रडायची सवय नव्हती, म्हणून त्या चिडल्या.

“कळलं हो! हे कुणी शिकवून ठेवलंय तेही कळलं. ज्यांनी दहापैकी दोन मार्क दिले, त्यांचंच हे काम!” आणि त्यांनी आसावरीकडे पाहिलं.

“बाई,” प्रियंकाचे डोळे मोठे झाले, “तुम्ही फाइल बघितलीत?”

“मी?” आसावरी म्हणाली. “आई, मी तर आठ दिलेत. खरं म्हणजे सातच होत होते, तुमच्या गोड शिऱ्याचा एक वाढवला.”

तेवढ्यात चिंतामणराव खाकरले. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “आल्हाद, आईला सांग, ते दोन मार्क माझे आहेत.”

आल्हादनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, हाताची घडी घातली आणि गप्प बसला. बाई थांबल्या. त्यांना वाक्य स्वच्छ ऐकू आलं होतं, पण नियम म्हणजे नियम, निरोप पोचल्याशिवाय तो आला असं धरायचं नाही. निरोप काही येईना. तो आला नाही हेही, लूम बंद असल्यामुळे, फारच स्पष्ट ऐकू येत होतं.

“आणि हेही सांग,” चिंतामणराव भिंतीलाच म्हणाले, “की दोन्ही मार्क चौथ्या प्रश्नाचे आहेत.”

बाईंना प्रश्न तोंडपाठ होते. पहिला मदत, दुसरा बोलणं, तिसरा साथ, पाचवा वेळ. या चारही ठिकाणी शून्य. चौथा माया. तिथे पैकीच्या पैकी. सहा वर्षं बायको एक शब्द बोलली नाही, तरी हा माणूस ‘घरचे माझ्यावर माया करतात’ या वाक्यापुढे ‘नेहमी’वर खूण करून बसला होता. बाईंनी इतके पेपर तपासले, पण कुठल्याच पेपरनं त्यांना असं शरमवलं नव्हतं. सहा मार्कांचा कागद कुणाचा तेही आता उघड होतं, आणि त्यातला कुठला प्रश्न कोरडा गेला असेल तेही. नवं काही ठरवलं तर घरचे पाठीशी उभे राहतात का?

त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि नवऱ्याकडे तोंड करून बसल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या. आवाज घोगरा निघाला, म्हणून पुन्हा म्हणाल्या, “अहो, आल्हादला सांगा, नागपूरला जायचं. आणि आत्ताच कळवायचं, संध्याकाळची वाट बघायची नाही.”

प्रियंकाची पेन्सिल खाली पडली. चिंतामणरावांनी बायकोकडे पाहिलं, मग हातभर अंतरावर बसलेल्या मुलाकडे. आलेला कागद पुढे सरकवायचाच, ही सवय जाता जात नाही.

“आल्हाद, आई म्हणते की—”

“ऐकलं, बाबा.” आल्हादला हसू फुटलं होतं आणि डोळे भरले होते, दोन्ही एकदम. त्यानं फोन घेतला, आसावरीचा हात धरला आणि दोघं गॅलरीत गेले.

“त्यानं ऐकलंय,” चिंतामणराव बाईंना म्हणाले. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, “त्या दिवशी मला वाटलं होतं, तूही हसशील.”

“सगळी शाळा हसली. मला नाही आलं हसू.”

“दिसलं मला ते, माइकवरूनच दिसलं. माफी मागायची होती त्याच संध्याकाळी.”

“मग मागितली का नाहीत? सहा वर्षं?”

“अगं, सगळे निरोप आल्हादच्या हाती जायचे.” चिंतामणरावांनी हात पसरले. “बायकोची माफी मुलाच्या हाती कशी पाठवू?”

बाईंनी तोंड फिरवलं. गॅलरीतून आल्हादचा आवाज येत होता, “हो सर, जॉइन करतो, हो, फॅमिलीसकट,” आणि इकडे बाईंचा चष्मा धुकटला तो काही केल्या पुसला जाईना. प्रियंका शहाणी पोरगी. ती नॅपकिन उचलून पुन्हा हात धुवायला मोरीवर निघून गेली.

“काय झालं?” चिंतामणरावांनी विचारलं.

“काही नाही,” बाईंनी त्यांना सांगितलं.